कानाआड

“दादाला फोन कर आणि माझं परतीचं तिकीट काढायला सांग! भिंतींशीच बोलायचं, तर माझ्या घरच्या भिंती काय वाईट आहेत?”

बाबांनी खांदा धरून हलवलं म्हणून लेकीने कानांवरचे ते भलेमोठे हेडफोन नुकतेच खाली घेतले होते. “सांगते, बाबा,” एवढंच ती म्हणाली आणि हेडफोन पुन्हा चढवून संगणकाकडे वळली. बाबा तणतणत स्वयंपाकघरात गेले, आणि गेल्या हिवाळ्यात हे जग सोडून गेलेल्या आपल्या बायकोला मोठ्याने म्हणाले, “पाहिलंस तुझ्या लेकीचं? दगड आहे दगड! तुझ्यामागे एक टिपूस गाळलं नाही बयेने!”

लेकीची बोटं कळफलकावर थबकली... कारण तिला सगळं ऐकू येत होतं! हेडफोनची वायर कशालाच न जोडता मेजाखाली लोंबत होती.

परक्या देशातल्या तिच्या ऑफिसात प्रोग्रॅमर मंडळींचा एक अलिखित नियम होता, की कानांवर हेडफोन म्हणजे माणूस जागेवर नाही असं समजायचं. आई गेल्यावर तिने बाबांना इकडे आणलं, तेव्हा ते दिवसदिवस तोंड उघडत नसत. काही विचारलं की “बरं आहे,” आणि विषय संपला. मग एकदा घरून काम करताना वायर निसटली, आणि स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज आला... ते आईशी बोलत होते, हसत होते, हुंदके देत होते! ती हेडफोन काढून धावत आत गेली, तर त्यांचे ओठ पुन्हा शिवलेले. त्या दिवसापासून तिने हे सोंग घेतलं.

सोंग महागात पडलं, पण तिने हूं की चूं केलं नाही. टीमचं प्रमुखपद घरी चालून आलं होतं. मात्र रोज ऑफिसला जावं लागणार म्हणून तिने ते नाकारलं, आणि आता तिनेच हाताला धरून शिकवलेला गडी रोज सकाळी तिला कामं वाटून देत होता. शिवाय फोनवर दादाचे टोमणे होतेच, “बाबांसाठी तुला पाच मिनिटं नाहीत?” तेही ती मुकाट्याने गिळी. खरं सांगायची सोय कुठे होती! बाबांनी उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेला. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. कळलं, तर ते पुन्हा मुके होतील, कायमचे... या एका धास्तीने तिचा जीव अर्धा होई.

अखेर दादाने तिकीट काढलं. निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना बाबा आतल्या खोलीत पुटपुटले, “अगं, कालपासून डाव्या डोळ्यापुढे काळा पडदा ओढल्यासारखं झालंय. घरी गेल्यावर दाखवीन. हिला कशाला सांगू? हिला कुठे सवड आहे...”

“बाबा! कालपासून?”

ती दारात उभी होती. हेडफोन कानांवर तसेच, आणि वायर पायांत घोटाळत होती. बाबांनी वायरच्या मोकळ्या टोकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“चोरून ऐकत होतीस? बापाचं?”

“हो, ऐकत होते! तुम्ही सगळं आईला सांगता, मला काहीच नाही... मग मी काय करायचं होतं? शिव्या मागाहून द्या हो, आधी डोळा दाखवू!”

डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. “आणखी उशीर झाला असता, तर डोळा हातचा गेला असता,” डॉक्टर म्हणाले. आता डोळ्यात भरलेल्या वायूमुळे काही दिवस पालथं झोपून राहायचं, मान वर करायची नाही, आणि काही आठवडे विमानाचं नावही काढायचं नाही.

बाबा उशीत तोंड खुपसून पडले होते. रागावलेत, की पुन्हा मुके झाले? खाटेशी बसलेल्या लेकीला विचारायचा धीर होईना.

“गादी टोचते म्हणालो, तर गादी बदलली,” उशीतून आवाज आला. “दुपार खायला उठते म्हणालो, तर तू मला फिरायला न्यायला लागलीस. आणि मी येडा समजत होतो, की तुझी आईच वरून व्यवस्था लावतेय!”

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

“ऑफिस सोडून घरात बसलीस, तेही माझ्यासाठीच ना? बोलू नकोस, कळलं मला. आणि ऐक, डॉक्टर म्हणाले म्हणून नाही, माझ्या मनाने राहतोय मी. दादाला सांग तसं.” त्यांनी तोंड उशीवरून खाटेच्या कडेबाहेर सरकवलं. “आता जरा खाली बस, चिमणे. मला मान उचलता येत नाही. माझ्यासमोर ये.”

ती जमिनीवर बसली, अगदी खाटेच्या कडेखाली, त्यांच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणून. पट्टी नसलेल्या एका डोळ्याने त्यांनी तिला नीट न्याहाळलं.

“माझं सगळं ऐकलंस. तुझं कुणी ऐकलं गं? तुला आईची आठवण येते का?”

हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं! आपण रडलो तर बाबा कोसळतील, म्हणून उरात कोंडून ठेवलेला तो आकांत एकदम फुटला...

“आई गेली हो, बाबा... आपली आई गेली!”

बाबांचा हात चाचपडत खाली आला आणि तिच्या केसांवर स्थिरावला. “रड, बाळा,” ते म्हणाले, “मी आहे.”