पुठ्ठ्यावरून उतरलेला सोंडकिडा

"चोरानं टाचणी ठेवली, चिठ्ठी ठेवली, पुठ्ठासुद्धा ठेवला. फक्त किडा नेला!" संशोधिकेनं पेटी पुढे सरकवली.

खासगी तपास करणाऱ्या अक्कांनी पेटीत डोकावलं. त्यांचे धाकटे भाऊ बापू नाकाला रुमाल लावून शेजारी उभे होते. संग्रहालयाच्या त्या खोलीत डांबरगोळ्यांचा वास कोंदला होता.

"तांदळाएवढा सोंडकिडा," ती म्हणाली. "जगात हा एकच नमुना. ज्या टेकडीवर सापडला तिथे आता खाण आहे. त्याच्यावरून नवी जात ठरणार होती. नमुना नाही, तर नावही नाही."

"चिकटवला कसा होता?"

"पोटाच्या बाजूनं, या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर. पाण्यात विरघळणाऱ्या डिंकानं."

अक्कांनी पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. मधोमध तो फुगला होता. बाकी स्वच्छ, ना पायाचा तुकडा, ना डिंकाचा पापुद्रा.

"चोराला घाम फुटला असेल," बापू म्हणाले.

अक्कांनी विचारताच कीटक विभागाचे प्रमुख उखडलेच. "मी कशाला चोरू? मी तोंडावर सांगतो, ही जुनीच जात आहे. पाठीवरच्या ठिपक्यांनी जात बदलत नाही. पोटाकडची बाजू दाखवा, मग बोलू. ती तर आजवर कुणी पाहिलेलीच नाही!"

संग्रहालयाचा चित्रकार मान खाली घालून ब्रश धूत होता. "चित्र झाल्यावर मी नमुना पेटीत ठेवला. पुढचं मला माहीत नाही."

अक्का त्याचं चित्र न्याहाळत राहिल्या. ठिपक्यांची पाठ, बाकदार सोंड आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेले, मधल्या पायांमधले दोन नाजूक काटे.

"वा! हात आहे तुमचा."

बाहेर येताच बापू कुजबुजले, "प्रमुखच! तिथेच पाणी मुरतंय."

"पाणी मुरलंय खरं," अक्का म्हणाल्या, "पण पुठ्ठ्यात."

त्यांनी सगळ्यांना पेटीभोवती बोलावलं.

"चोरी झालेलीच नाही. घाईनं उपटला असता, तर किड्याचं काहीतरी पुठ्ठ्यावर राहिलं असतं. कुणीतरी पाणी लावून, जिवापाड जपून तो सोडवला. कशासाठी? पोट बघायला. प्रमुख म्हणतात, ते कुणी पाहिलेलंच नाही. मग पायांमधले काटे चित्रात आले कुठून?"

चित्रकारानं खिशातून औषधाच्या गोळ्यांची डबी काढली. आत कापसावर किडा होता आणि शेजारी एक सुटा पाय.

"चित्र अर्धवट राहू नये म्हणून उलटा केला, मॅडम. पाय निखळला. तुम्हाला तोंड कसं दाखवू, तेच कळेना."

संशोधिकेनं डबी हातात घेतली. रागावायचं राहून गेलं. ती रडता रडता हसू लागली. "अहो, पाय चिकटवता येतो! किडा आहे ना!"

प्रमुखांनी किडा उलटा ठेवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"जुन्या जातीला हे काटे नसतात," ते शेवटी म्हणाले. "नवीच आहे. मी चुकलो."

मग त्यांनी बाह्या वर सारल्या. "डिंक आणा. तुम्हा दोघांचे हात थरथरतायत. पाय मी लावतो."