वर्णनाबाहेरचा खर्ज

नव्या यंत्राचा हिरवा दिवा लागला आणि नसीम शिकलगारला आधी ऐकू आला तो प्रयोगशाळेतला पंखा. मग बाहेर कुणीतरी ढकलत नेलेल्या स्ट्रेचरचं कुरकुरणारं चाक. मग समोर बसलेल्या डॉक्टर प्राची कुरुंदवाडेचा आवाज.

"येतंय का ऐकू?"

"येतंय की. पण तू सर्दी झाल्यासारखी बोलतेयस."

"सर्दीच झालीय मला."

"मग कान बरोबर आहे," नसीम म्हणाली, आणि दोघी शाळेत हसायच्या तशा हसल्या.

तरुणपणी एका तापात नसीमचे दोन्ही कान गेले होते. मिरजेच्या ह्याच इस्पितळात प्राचीनं तिच्या उजव्या कानाच्या आतल्या वळणदार नळीत, शंखात, एक केसाएवढी तार सरकवली. कानामागचं छोटं यंत्र आवाज पकडायचं, त्याचे विजेचे ठोके करायचं आणि तार ते ठोके थेट मज्जातंतूला पोचवायची. यंत्र म्हणजे बोटाच्या पेराएवढा संगणकच होता. आत लिनक्स चालायचं. नसीम मुळातली संगणक अभियंता. त्यामुळे ते यंत्र हाती आल्यापासून तिनं त्याला स्वस्थ बसू दिलं नव्हतं.

"मला एक कळत नाही," प्राची म्हणाली. "जुनं यंत्र तर मेलं. त्यातून काही काढताही आलं नाही. मग तुझा तोच कान ह्या नव्यात आला कुठून?"

"माझा कान यंत्रात राहतच नाही गं. तो वर्णनात राहतो."

"म्हणजे?"

"लिनक्सची अमुक आवृत्ती घे. त्यावर ही पॅकेजं, म्हणजे छोटे छोटे प्रोग्राम, चढव. त्यातली ही माझी स्वतःची, ती ह्या अवजारांनी बांध. प्रत्येकाची मांडणी अशी अशी ठेव. एवढं सगळं मी लिहून ठेवलेलं असतं. यंत्र ते वाचतं आणि पहिल्यापासून स्वतःला घडवतं. मी यंत्राला हातानं कधी शिवत नाही. काही बदलायचं झालं तर वर्णनात बदलायचं आणि पुन्हा घडवायचं. बिघडलं तर मागच्या घडणीवर परत यायचं. मागं एकदा कंपनीची नवी आवृत्ती घेतली, तर सगळी माणसं एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखी बोलायला लागली. क्षणात मागं फिरले."

"पण घडलं ते अगदी तेच आहे, हे कशावरून?"

"ओळखठसा काढायचा. सगळ्या घडणीचा मिळून एक आकडा निघतो. आत एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी आकडा पार बदलतो. ह्या मॉडेलचं कवच नवं आहे, आतली चिप तीच. ठसा जुन्याशी तंतोतंत जुळला. वर्णन तेच, तर कान तोच."

हा खटाटोप तिनं हौस म्हणून केला नव्हता. तिचे वडील, दस्तगीरभाई, तानपुरे बनवायचे. तार आणि घोडी यांच्यामध्ये रेशमाचा दोरा सरकवला की तानपुऱ्यातून जो झणकार उठतो, ती जवारी. कंपनीचा कृत्रिम कान माणसांच्या बोलण्यासाठी बनवलेला. जवारी त्याला गोंगाट वाटायची आणि तो ती इमानदारीनं पुसून टाकायचा. तानपुरे बनवणाऱ्याच्या लेकीला तानपुरा पत्र्यासारखा ऐकू यायचा. म्हणून तिनं 'जवारी' नावाचं पहिलं पॅकेज लिहिलं. मग भाजी मंडईतला कलकलाट मागं ढकलणारं 'मंडई', आणि वडिलांच्या खरखरीत आवाजासाठी 'अब्बा'. लिनक्सची नवी आवृत्ती आली की यांपैकी काहीतरी मोडायचंच. नसीम चहा घेऊन बसायची, दुरुस्त करायची, पुन्हा घडवायची. वर्णन तिनं सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. त्यावरून अशीच तार असलेल्या कितीतरी जणांनी आपापले कान घडवून घेतले होते. धारवाडच्या गायिका विदुला सौंदत्ती त्यांतल्याच. त्यांनी प्राचीकडूनच तशीच तार बसवून घेतली होती, यंत्रही नसीमच्या जुन्या मॉडेलचंच.

ह्या विदुलाताईंसाठी तानपुऱ्यांची जोडी तयार होत होती. दस्तगीरभाईंचा हात अजून पक्का होता, पण वयोमानानं बारीक आवाज कानातून निसटायला लागले होते. जवारीचा शेवटचा निवाडा आता नसीम करायची. विदुलाताई परवा येणार होत्या, आणि जुन्या यंत्रानं ऐन वेळी मान टाकल्यामुळं जोडी अडून राहिली होती.

नसीम इस्पितळातून थेट दुकानात गेली. "लावा अब्बा, खर्ज छेडा," ती म्हणाली.

दस्तगीरभाईंनी चौथ्या, जाड तारेवरून बोट फिरवलं. जवारी उठली, ओळखीची, चांदीच्या बारीक चुऱ्यासारखी. पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं. जाड, गोल, मऊ. असं काही खर्जाच्या तारेतून नसीमनं इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं.

"अब्बा, थांबा. माझा कान बिघडलाय."

"चांगला वाजतोय की गं," दस्तगीरभाई म्हणाले. त्यांचा आवाजही आज भोपळ्यातून आल्यासारखा घुमत होता.

ती तिथंच लॅपटॉप उघडून बसली. वर्णनावरून कान नव्यानं घडवला. ठसा तोच, आवाजही तोच. मागच्या घडणीवर गेली. तरी तो गोल आवाज जागचा हलला नाही. शेवटी तिनं आपली सगळी पॅकेजं उतरवून टाकली. जवारी गेली, तानपुरा पुन्हा पत्रा झाला, पण खालचा तो घुमारा होता तसाच होता. तिनं विदुलाताईंना निरोप पाठवला: खर्ज छेडल्यावर खाली काही जास्तीचं ऐकू येतं का? लगेच उत्तर आलं: नाही गं, नेहमीसारखाच आहे.

तानपुरे भिंतीला टेकवून दस्तगीरभाईंनी दुकान बंद केलं. "होईल," एवढंच ते म्हणाले. नसीमला मात्र जेवण गेलं नाही. आपल्याच कानावर भरवसा नसेल तर जोडी कुणाच्या भरवशावर द्यायची?

सकाळी ती प्रयोगशाळेत हजर. प्राचीनं यंत्राला खर्जाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं आणि तारेकडे जाणारे विजेचे ठोके टिपून घेतले. जुन्या यंत्राचे ठोके तिच्याकडे होतेच. दोन्ही आलेख तिनं पडद्यावर एकावर एक ठेवले. एकच रेघ दिसली.

"यंत्र चुकत नाहीय, नसीम."

"मग मला जास्तीचं ऐकू कसं येतं?"

"तूच सांग. तुझाच नियम आहे. वर्णन तेच, तर कान तोच. आणि कान तोच नसेल तर?"

"तर वर्णनाबाहेरचं काहीतरी बदललंय." नसीम विचार करत बोलत होती. "सॉफ्टवेअर तेच. ठोके तेच. तार तीच. मग उरलं काय? मीच उरले."

प्राचीनं तिच्या कानाकडे पाहिलं, मग हात पुढं करून कानाची पाळी जरा बाजूला केली.

"जुन्या मॉडेलचा माइक कुठं असायचा?"

"कानाच्या भोकात. रबरी बुचात."

"आणि नव्याचा?"

"कानामागं." नसीमचं बोट कानाच्या भोकावर गेलं. "म्हणजे भोक आता मोकळं आहे."

"काढ ते यंत्र," प्राची म्हणाली.

यंत्र निघालं आणि सगळं शांत झालं. प्राचीनं तिला काचेच्या बंद खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि खुणेनं सांगितलं: काही ऐकू आलं तर हात वर कर. वरच्या पट्टीचे स्वर तिनं एकामागून एक वाजवले. नसीमचा हात मांडीवरच. मग प्राची खाली खाली यायला लागली. खर्जाच्या आसपास आली, आणि नसीमचा हात आपोआप वर गेला. पुन्हा वाजवलं, पुन्हा हात वर. काचेपलीकडे प्राची खुर्चीवरून उठून उभी राहिली होती.

ती धावत आत आली. नसीमनं घाईघाईनं यंत्र चढवलं.

"शंखाच्या टोकाला खालचे स्वर असतात. आपली तार तिथपर्यंत पोचतच नाही," प्राची धापा टाकत सांगत होती. "मज्जातंतू जगावेत म्हणून त्या तारेला आपण एक औषधी लेप देतो. तो इतकी वर्षं झिरपत झिरपत टोकापर्यंत गेला असणार. तिथं नव्या पेशी उगवल्यात, नसीम! हा तुझा स्वतःचा कान आहे. यंत्राचा नाही!"

"पण मग आजवर मला कळलं कसं नाही? दिवसा बुचानं भोक बंद असायचं, पण झोपताना मी यंत्र काढतेच की."

"तेव्हा कुणी बोलतं तुझ्याशी?"

यंत्र काढलं की नसीमशी फक्त हातवारे करायचे, हा घरचा शिरस्ता होता. रस्त्यावरून ट्रक गेला तर तो अंगाला जाणवतो, असंच ती समजत आली होती.

दुकानात शिरल्या शिरल्या तिनं यंत्र काढून हातात धरलं. दस्तगीरभाईंनी ते पाहिलं आणि सवयीप्रमाणं हातानंच विचारलं, काय झालं?

"तोंडानं बोला अब्बा."

ते गोंधळले. मग त्यांचे ओठ हलले आणि नसीमला एक घोगरी, हेलकावे खाणारी गुणगुण ऐकू आली. शब्द कळले नाहीत. पण तापाआधीच्या दिवसांत मागच्या खोलीतून यायचा तोच हा आवाज होता. इतकी वर्षं 'अब्बा' पॅकेजमध्ये ती हाच आवाज घडवायला बघत होती, आणि तो तिला एकदाही साधला नव्हता. तिनं वडिलांच्या गळ्यात हात टाकले. दस्तगीरभाई बोलतच राहिले. काय बोलत होते, ते त्यांनी नंतरही कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी तिनं यंत्र लावून जोडीची जवारी लावून दिली. वरचा झणकार कानातल्या तारेतून येत होता, खालचा घुमारा तिच्या स्वतःच्या कानातून, आणि दोन्ही मिळून पूर्ण तानपुरा तिला तापानंतर पहिल्यांदाच ऐकू येत होता. एका घोडीवर दस्तगीरभाईंनी कानस दोनदा जास्त फिरवली, तर तिनं लगेच ओरडून थांबवलं.

ठरल्याप्रमाणं विदुलाताई आल्या. जोडी वाजवून पाहिली आणि खूश झाल्या. प्राचीही मुद्दाम आली होती. ती नसीमची हकीकत त्यांना रंगवून सांगायला लागली.

"तुझं नशीब थोर गं बाई," विदुलाताई मनापासून म्हणाल्या. "मला मात्र तसं काही ऐकू आलं नाही."

नसीमनं त्यांच्या कानाकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाली, "ताई, तार बसवणारे हात तेच. तार तीच, लेपही तोच. वर्णन तर माझंच. मग तुमचा कान माझ्यापेक्षा वेगळा कसा असेल?"

"पण मला खरंच..."

"तुमच्या कानात अजून बूच आहे."

विदुलाताईंचा हात कानाकडे गेला. यंत्र काढायला त्या धजेनात. गाणाऱ्या बाईला शांततेची भीती फार. शेवटी त्यांनी प्राचीच्या हातात हात दिला, दुसऱ्या हातानं बुचासकट यंत्र ओढून काढलं आणि डोळे मिटून घेतले.

दस्तगीरभाईंनी खर्ज छेडला.

तार विझत आली तेव्हा विदुलाताईंनी तोंड उघडलं आणि त्याच खर्जात षड्ज लावला. आधी चाचरत, मग भरून. स्वतःचा आवाज स्वतःच्या कानानं धरून त्या गात होत्या.

"तुझ्या वर्णनावरून एकूण किती जणांनी कान घडवलेत?" प्राचीनं कुजबुजत विचारलं.

नसीमनं लॅपटॉप उघडला होता आणि सगळ्यांना जाणाऱ्या निरोपात ती घाईघाईनं लिहीत होती: आज कृपा करून काहीही नव्यानं घडवू नका. यंत्र बंद करा, कानातलं बूच काढा, आणि घरातल्या कुणालातरी जवळ बसवून बोलायला सांगा.