हेंद्रेपाड्याचा आंतरराष्ट्रीय रविवार

सुनेत्राचं लग्न गुरुदत्त नावाच्या एका बँक अधिकाऱ्याशी झालं. अंबरनाथच्या एका हॉलमध्ये झालं, मठ्ठा चांगला होता, आणि जयदेवने जिलबी दोनदा घेतली. एवढं सांगून ठेवलं, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की आम्हाला आधी का नाही सांगितलं. आता हे लग्न झालंच नाही असं समजू. हॉल रिकामा आहे, मठ्ठा अजून दुधात आहे, आणि गुरुदत्त कुठेतरी नागपुरात दाढी करतोय. आपण कुणाच्या गोष्टीत येणार आहोत याची त्याला कल्पना नाही. करू दे त्याला दाढी.

साल ब्याण्णव, महिना मे. बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, द्रौपदीमावशींच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती आणि खोलीबाहेर एक डिश. डिश एवढी मोठी, की तिच्यात साचलेल्या पाण्यात मावशींनी एकदा गोधडी भिजत घातली होती आणि तीन गल्ल्यांना दिवसभर क्रिकेट दिसलं नव्हतं. खोलीत जयदेव बसायचा. तो केबलवाला होता. म्हणजे तीन गल्ल्यांनी काय बघायचं, कधी हसायचं आणि कितपत रडायचं हे तो एकटा ठरवायचा, आणि तरीही घरी त्याला ‘काही करत नाही’ असंच म्हणत. त्याच्याकडचं यंत्र एका वेळी एकच चॅनल दाखवायचं. उल्हासनगरच्या एका शेठने ते देताना खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “साईं, ये चलेगा नहीं, दौडेगा.” ते खरोखर दौडायचं. कधीकधी टेबलावरून खाली.

एका संध्याकाळी जिन्यावर चपला वाजल्या आणि दारात एक मुलगी उभी राहिली. पत्रा तापलेला, खोलीत सोल्डरिंगचा धूर, आणि तिच्या कपाळावर घामाने चिकटलेली एक बट… जयदेवच्या हातातली वायर उलटी लागली.

“केबलवाले तुम्हीच?”

“तक्रार असेल तर मी त्याचा मित्र.”

“तक्रारच आहे. काल बातम्यांत एका देशाचा पंतप्रधान राजीनामा द्यायला उभा राहिला. त्याने चष्मा घातला, कागद काढला… आणि तुम्ही नाच लावलात. दिला का त्याने राजीनामा?”

“नाचाआधी द्यायला हवा होता,” जयदेव म्हणाला. “आपल्याकडे सातला नाच असतो. त्याला कुणी सांगितलं नसेल.”

ती हसणार होती. पण तिने ते हसू ओठांच्या कोपऱ्यात दुमडून ठेवलं, जणू पुढे कधी लागेल. जयदेवला तो कोपरा दिसला. तेवढंच पुरे झालं.

ती सुनेत्रा, तिसऱ्या गल्लीतली. वडील शंकरराव अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. बँकेच्या अधिकारी परीक्षेची लेखी ती पास झाली होती, आता मुलाखत होती, आणि मुलाखतीत जगाबद्दल विचारतात.

“आमच्याकडे जग संध्याकाळी येतं,” ती म्हणाली. “बाबा फॅक्टरीतून पेपर आणतात तेव्हा. त्यातही मधलं पान डब्याला गुंडाळलेलं. मध्यपूर्वेत काय चाललंय ते मला लोणच्याच्या डागातून वाचावं लागतं.”

“मग? मी काय करू?”

“एक अख्खा दिवस द्या. परदेशी बातम्या, चर्चा, माहितीपट. मुलाखतीच्या आदल्या दिवशी.”

“तो कधी?”

“पुढचा रविवार.”

“रविवारी दुपारी पिक्चर नाही लावला तर हे लोक मला डिशमध्ये घालून तळतील.”

“घाबरता?”

“हो.”

“मग राहू दे.” ती वळली.

“अहो… घाबरतो म्हटलं. नाही म्हटलं नाही.”

त्यानंतर ती रोज संध्याकाळी वर येऊ लागली. कारण एकच, पंतप्रधानाची चौकशी. जयदेव रोज नवीन माहिती द्यायचा. आज त्याचा चष्मा सापडत नाही. आज त्याच्या बायकोने कागद लपवलाय. सुनेत्रा प्रत्येक वेळी म्हणायची, “अशाने मी नापास होणार,” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.

रविवार उजाडला. सकाळी सातपासून एक गोरा गृहस्थ टाय लावून बोलत होता. नऊ वाजता द्रौपदीमावशी वर आल्या.

“जयदेव, तो माणूस कधीचा बोलतोय रे. त्याला कुणी चहा विचारला का?”

बाराला पहिल्या गल्लीतला किसन बनियनवरच आला. “भावा, पिक्चर किधर है?”

“डिश अडकलीय, किसनभाऊ. आंतरराष्ट्रीय अडचण आहे.”

“कधी सुटेल?”

“संयुक्त राष्ट्रसंघाची बैठक चालू आहे.”

“आयला,” किसन म्हणाला, आणि कशाने कोण जाणे, समाधानाने खाली गेला. पण त्याच्यामागे बाकीचे येत होते. जिना भरला. खोलीत वही घेऊन बसलेल्या सुनेत्राने जिन्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या माईककडे. त्या माईकवरून जयदेव एरवी एवढंच सांगायचा, की उद्या नळाला जांभूळच्या केंद्रावरून पाणी येणार नाही.

“हा चालू कसा करायचा?”

“तांबडं बटण. पण तुम्ही…”

तिने बटण दाबलं. आणि हेंद्रेपाड्यातल्या सगळ्या टीव्हींमधून सुनेत्राचा आवाज आला.

“नमस्कार. हे गृहस्थ म्हणतायत की जगात मंदी येतेय. शेजारचे गृहस्थ म्हणतायत ती येऊन बसलीय. दोघं म्हणतात आम्हाला एकमेकांबद्दल आदर आहे. म्हणजे भांडण आहे.”

जिना हळूहळू रिकामा झाला. दुपारी वाळवंटातल्या उंटवाल्यांवर एक माहितीपट लागला, तेव्हा तर अंगणा-अंगणातून हाका येऊ लागल्या.

“सुनेत्रा, त्या काळ्या ओढणीवाल्या बाईला मुलं किती गं?”

“सांगितलं नाही, मावशी.”

“मग विचार की.”

जयदेव आवाज कमी-जास्त करत होता, ती बोलत होती. श्वास घ्यायला ती थांबली की तो पाण्याचा पेला पुढे करायचा. एकदा आवाजाचं बटण दोघांनी एकदमच धरलं. आवाज वाढला नाही, कमीही झाला नाही… बटणावरचे दोन्ही हात मात्र बराच वेळ आपापली जागा विसरले. ते उंट मुक्कामाला पोचेपर्यंत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं, आणि कुणी केलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

ऊन उतरलं तशी ती उठली. “निघते. बाबा उद्याची साडी इस्त्री करणारेत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.”

“बरं.”

“जयदेव.” ती दारात थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. “उद्या निवड झाली तर मला बाहेर पाठवतील. ट्रेनिंग, मग कुठली तरी शाखा… तुला काही बोलायचं असेल तर आज बोल.”

दिवसभर संयुक्त राष्ट्रसंघाला वेठीला धरणाऱ्या जयदेवने माईककडे पाहिलं.

“साडेसहाला टीव्ही लाव.”

“टीव्हीवर बोलणार?”

“समोर बोलायला गेलो की माझा विनोद होतो.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “लावते. आणि ऐकून पटलं, तर आमच्या गॅलरीतला दिवा लावीन. तुला इथून दिसतो.” मग जिना उतरता उतरता, “पण आज विनोद नको हं.”

साडेसहाला एका पक्ष्यावर माहितीपट होता. दूर ऑस्ट्रेलियातला. नर काड्यांचा मांडव रचतो आणि त्याच्यासमोर निळ्या वस्तू आणून मांडतो. निळं पीस, निळं फूल, बाटलीचं निळं झाकण. मादी येते, बघते. पटलं तर थांबते. जयदेवने तांबडं बटण दाबलं.

“हा पक्षी,” तो म्हणाला, “पत्र्याच्या खोलीत राहतो. याच्याकडे वायरी आहेत, चिकटपट्टी आहे आणि एक यंत्र आहे जे दौडतं. एवढंच तो मांडून बसलाय. याला घरटं नीट बांधता येत नाही. पण तू रोज वर यावंस म्हणून त्याने एका पंतप्रधानाला आठवडाभर राजीनामा देऊ दिला नाही…” पडद्यावरचा पक्षी झाकण उचलून पुन्हा ठेवत होता, थोडं डावीकडे. “सुनेत्रा, मला तू आवडतेस. नोकरीसाठी जिथे पाठवतील तिथे जा. मी तिथे डिश लावीन. झालं. एवढंच होतं.”

हे पहिल्या गल्लीने ऐकलं. दुसऱ्या गल्लीने ऐकलं. किसन म्हणे बनियनवर शर्ट घालून बसला होता, प्रसंग बघून. जयदेव कठड्याशी जाऊन उभा राहिला. अंधार पडला. तिसऱ्या गल्लीत एकेक खिडकी उजळली. शंकररावांची गॅलरी काळीच राहिली.

तो उभाच राहिला. खाली द्रौपदीमावशींनी दोनदा जेवायला हाक मारली आणि तिसऱ्यांदा ताट वर आणून ठेवलं.

हेंद्रेपाड्याने आजवर एकही गुपित पोटात ठेवलेलं नव्हतं. पण पोराला नकार आलाय म्हटल्यावर दोन गल्ल्यांनी दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलं. बिचाऱ्याची शोभा नको, म्हणून तिसऱ्या गल्लीत कुणी चकार शब्द काढला नाही. एवढा चांगुलपणा या वस्तीने आयुष्यात एकदाच दाखवला, आणि तो नेमका तेव्हा.

मुलाखत छान झाली. मंदीवरच विचारलं. सुनेत्राची निवड झाली, ती नागपूरला गेली. जाताना ती गच्चीखालून गेली, मान खाली घालून. जयदेवही वायरीत मान घालून बसला. दीड वर्षाने शंकरराव पत्रिका घेऊन आले. गुरुदत्तची दाढी झाली होती.

हळदीच्या दिवशी शंकररावांचा निरोप आला, पाहुण्यांची पोरं रडतायत, केबल बंद आहे, ये. जयदेव गेला. केबलचं असं असतं, की तार लांब गेली की चित्र अशक्त होतं, म्हणून मध्ये कुणाच्या तरी घरी चित्राला जोर देणारा एक डबा बसवतात. तो त्या घरच्या विजेवर चालतो, बदल्यात त्या घराला केबल फुकट. तिसऱ्या गल्लीचा डबा शंकररावांकडे होता. आता त्याची वायर लोंबत होती, आणि त्याच्या जागी इस्त्री लावलेली.

“काका, हा प्लग काढलात तर अख्खी गल्ली बंद पडते.”

“असं होय?” शंकरराव धोतराची घडी जमवत होते. “मी तर नेहमी हाच काढतो. दोनच प्लग आपल्याकडे. टीव्हीचा काढला तर बघणाऱ्याचा हिरमोड होतो. आता बघ, हिच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी साडी घेतली इस्त्रीला. तर ही टीव्हीसमोर बसलेली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. तरी उठेना. टीव्हीच्या डोक्यावर थापा मारतेय, अँटेना हलवतेय. म्हटलं, बसू दे, तिचा प्लग आपण काढायचा नाही. चांगली तासभर चालली साडी. एक सुरकुती ठेवली नाही मी.”

जयदेवच्या हातात प्लग तसाच राहिला. आतल्या दारात सुनेत्रा उभी होती. गालांना हळद, हात कोपरापर्यंत पिवळे. तिने सगळं ऐकलं होतं. शंकरराव पाहुण्यांना बघायला बाहेर गेले.

“तू बोलला होतास?” तिने विचारलं.

“हो.”

“काय?”

“एका पक्ष्याबद्दल होतं.”

“मला वाटलं, तू घाबरलास आणि बंद केलंस.” तिचा आवाज अगदी साधा होता. “मी मुंग्या बघत बसले. मग म्हटलं, हेच उत्तर असेल. नंतर का नाही बोललास रे?”

“दोन गल्ल्यांसमोर बोलून झालं होतं. पुन्हा बोलायला तोंड नव्हतं… तू का नाही विचारलंस?”

“काय विचारणार? पंतप्रधानाचं काय झालं म्हणून?”

दोघांनाही हसू आलं नाही. तिने हात पुढे केला, मग हळदीकडे पाहून मागे घेतला.

“मादी आली का?” ती म्हणाली. “त्या पक्ष्याची?”

“आली होती. तिच्याकडे लाईट नव्हती.”

बाहेरून “नवरी कुठंय” अशी हाक आली. ती जागची हलली नाही, आणि मग गेली. जयदेवने इस्त्री काढली, डब्याचा प्लग लावला. पुढच्या खोलीत टीव्ही एकदम बोलू लागला आणि पोरांनी रडणं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी लग्न झालं. ते मघाशी सांगितलंच आहे, आणि झालंच नाही असं धरणं आता काही जमत नाही.

सबब, मा. संबंधित अधिकारी महोदय यांस सविनय अर्ज करण्यात येतो की, अर्जदार जयदेव, केबल व्यावसायिक, यांचे शंकरराव यांच्या इस्त्रीबाबत काहीही म्हणणे नाही. साडी उत्तम झाली होती. तथापि हेंद्रेपाडा, तिसरी गल्ली येथील सदर प्लगला त्या रविवारी संध्याकाळी साडेसहापासून पूर्वलक्षी प्रभावाने वीजपुरवठा सुरू करण्यात यावा, व तो झाल्याचे कुमारी सुनेत्रा यांना त्याच संध्याकाळी कळविण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.