शिंकणारा वटवट्या

"नऊ! एकट्या आपल्या पाइनच्या पट्ट्यात नऊ!" हेल्मी आत्याने कॉफीचा मग इतक्या जोरात आपटला, की रेनोच्या पेस्टीतला, म्हणजे भाजलेल्या करंजीतला, बटाटा ताटाबाहेर उडाला.

आयलीला मात्र काहीतरी खटकलं. गेल्या उन्हाळ्यात तिथे जेमतेम दोन कर्टलँड वटवटे होते. पिवळ्या पोटाचा हा चिमुकला पक्षी कोवळ्या पाइनखाली, थेट जमिनीवर घरटं बांधतो. तो सहज दिसत नाही. म्हणून आत्याने झाडांना आवाज टिपणारे हिरवे डबे बांधले होते. सकाळी नर गातो, डबा ऐकतो आणि संगणक मोजतो.

"मग उद्याच्या गावसभेत काय सांगणार?" आयलीने विचारलं.

"पक्षी भरपूर आहेत म्हणून सही करणार. मग पट्ट्याकडे जाणारी वाट अडवणारं फाटक निघेल. चारचाकी गाड्या उडवायला जागा हवीच आहे लोकांना."

"पण घरटी तर जमिनीवर असतात!"

"नऊ जोड्यांतल्या दोन-चार गेल्या तरी चालतं, असं सभेचं म्हणणं."

"आणि तुझं?"

"माझं म्हणणं आकडे सांगतील ते!" आत्या सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायला निघून गेली. आत्या कुणाचा शब्द सहज मानायची नाही, पण संगणकाचा शब्द मात्र डोळे झाकून मानायची!

आयलीने लगेच संगणकाचा आवाज मोठा केला. शेजारची डेल्फी आणि रेनो जवळ सरकले. गाणं खळाळून वर चढलं, थांबलं आणि मागोमाग, "फ्फ... फ्फ... च्छूः!"

रेनोचा घास तोंडातच राहिला. "निसू!"

दुसऱ्या डब्यातही गाणं आणि तीच शिंक. तिसऱ्यातही!

"वेंडेलकाकांचा कुत्रा असाच शिंकायचा," डेल्फी कुजबुजली. "पण निसू तर हिवाळ्यातच गेला! आपण त्याच्या कबरीवर बिस्किट नव्हतं का ठेवलं?"

"ते मी नंतर खाल्लं," रेनो म्हणाला.

"शी! म्हणजे आता त्याचं भूत तुझ्या मागे लागलंय!"

"भुताला दर वेळी गाणं संपल्यावरच कशी शिंक येते?" आयली म्हणाली. "हे सगळं एकच जुनं गाणं आहे. कुणीतरी डब्यांजवळ ते वाजवतंय. संगणक गाणं वेचतो आणि शिंक टाकून देतो!"

सकाळी तिघं पाइनआड दबा धरून बसले. पाहुण्यांना पक्षी दाखवणारे वेंडेलकाका आलेच! मागे टोप्या घातलेले, दुर्बिणी लटकवलेले चौघे पाहुणे. काकांनी इकडेतिकडे बघून टोपी काढली. टोपीत चपटा स्पीकर! गाणं वाजलं. लगेच एक खराखुरा वटवट्या झुडपातून उसळून फांदीवर आला आणि छाती फुगवून गाऊ लागला.

"वा! वा!" पाहुण्यांचे कॅमेरे खटखटले.

"आत्ता!" आयलीने रेनोला कोपर मारलं.

रेनोने नाकात पाइनचा परागच घातला होता. "फ्फ... फ्फ... च्छूः!"

"निसू?" काका गर्रकन वळले. स्पीकर हातातून पडला. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की आयलीला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली.

मग तिघं बाहेर आले.

"मी एकदाच वाजवतो गं," काका पुटपुटले.

"दर झाडापाशी एकदा!" आयली म्हणाली. "खऱ्या नराला वाटतं, दुसरा नर आलाय. पिल्लांचा चारा टाकून भांडायला धावतो. आणि हे डबे एकाचे नऊ करतात!"

"डबे? मला वाटलं, हवामानाचे असतील!"

"विचारलं असतं तर?" डेल्फी म्हणाली.

काकांनी स्पीकर उचलून आयलीच्या हातात दिला. "माझ्याकडे याहून स्वच्छ गाणी होती. पण यात निसू आहे."

त्या दिवशी आत्याने सगळी गाणी स्वतःच्या कानांनी ऐकली. शिंकेची वगळली आणि खरा नर उरला एकच! संध्याकाळी गावसभेत ती उभी राहिली. "माझी चूक झाली. ती या तीन पोरांनी पकडली." वेंडेलकाकाही उठले आणि भर सभेत स्पीकरची हकीकत सांगून मोकळे झाले. सभाध्यक्षबाईंनी टाळ्या वाजवल्या, पोरांच्या कानांचं तोंड भरून कौतुक केलं आणि फाटक जागच्या जागी राहिलं.

घरी आत्या खोटी गाणी एकेक पुसू लागली.

"एक राहू दे ना," आयली म्हणाली. "काकांसाठी."

आत्या थांबली. मग तिने नवी नोंद टाइप केली, 'पक्षी : एक. कुत्रा : एक, हयात नाही, आवाज उत्तम.'