तिसऱ्या हाकेचा नारळ

"मला फक्त नाव सांगा," जितेंद्र म्हणाला. "पुढचं मी देवापुढे बघतो."

त्यानं एक छोटासा काळा रिमोट टेबलावर आपटला. संचिता पेडणेकरनं तो लगेच उचलला नाही. मालवण बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, बर्फाच्या दुकानावरच्या माडीत तिचं खासगी तपासाचं ऑफिस होतं, आणि आलेल्या माणसाचा राग आधी पुरता सांडू द्यायचा ही तिची रीत होती.

खिडकीशी बसलेला बाबली मात्र दचकला. तो संचिताचा रिक्षावाला, आणि म्हटलं तर सहकारीही. तपासातलं त्याला फारसं उमगत नसे. त्याचा जीव कीर्तनात. बुवा पूर्वरंग आटपून उत्तररंगाकडे वळले की गोष्ट सुरू व्हायच्या आतच बाबलीचे डोळे भरत. माणसानं माणसाला माफ करावं, एवढंच त्याला त्या सगळ्यातून कळलं होतं, आणि तेवढं पुरे असं तो मानत असे.

जितेंद्रची हकीकत अशी. कट्टा बाजारपेठेच्या पुढे आत त्यांच्या गावाचं देऊळ. जत्रेला देवापुढे पहिला नारळ ठेवायचा मान त्याच्या घराण्याचा. देवापुढे मागणं मांडायचं गाऱ्हाणं सुरू होण्याआधी मानकऱ्याच्या नावानं तीन हाका मारतात. तिसऱ्या हाकेला तो उभा नसला, तर नारळ भाऊबंदांतल्या दुसऱ्या हजर माणसाकडे जातो. यंदा जितेंद्र आपल्या भारी मोटरसायकलवरून निघाला. दरवर्षीप्रमाणे कट्ट्यावर देवाला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, घ्यायला थांबला, गाडी बंद केली, आणि ती पुन्हा चालू होईना. रिमोट जवळ असल्याशिवाय ती गाडी जागची हलत नाही, आणि रिमोट तर कनवटीला होता. मिळेल त्या टेम्पोत बसून तो देवळात पोचला, तर चुलतभाऊ दीपेश नारळ ठेवून हात जोडून उभा.

"त्यानंच बिघडवला. सोमवारी मी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणार. ज्यानं माझा मान खाल्ला, त्याच्या घरात दिवा लावायला माणूस उरू नये, असं. पण नाव चुकलं तर गाऱ्हाणं घालणाऱ्यावरच उलटतं. म्हणून तुमच्याकडे आलो."

बाबलीनं हळूच कानाच्या पाळ्यांना हात लावला.

"कट्ट्यावर रिमोटला कुणाचा हात लागला?" संचितानं विचारलं.

"कसा लागेल? धोतर नेसलो होतो, म्हणून किल्ल्यांच्या कड्यातून काढून नुसता रिमोट खोचला. गाडीवरून उतरलोसुद्धा नाही. फुलवाल्या शिवानं वळेसर हातात आणून दिला."

"आणि निघण्याआधी?"

"आंघोळ होईपर्यंत ओटीवरच्या कोनाड्यात. दीपेश सकाळीच देवळात न्यायची समई घ्यायला आला होता, तेव्हाच साधलं त्यानं." मग तो कुरकुरला, "त्यात निघताना नेमकी वहिनी समोर आली. माझ्या वारलेल्या भावाची बायको. अशा वेळी ती कधी पुढे येत नाही, तेवढं समजतं तिला. त्या दिवशी थेट गाडीला टेकून उभी. तिथंच अपशकुन झाला."

गाडी मग घरी कशी आणली, हे संचितानं विचारलं. दुसऱ्या रिमोटनं, तो म्हणाला. गाडी घेतली तेव्हा दोन मिळाले होते. एक पूजेला देवघरात ठेवला, तो तिथंच पडून होता. जत्रेनंतर तो काढला आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. बिघडलेल्याचा सेल तर आदल्याच आठवड्यात कुडाळला बदलला होता.

संचितानं दोन्ही रिमोट मागून घेतले आणि नखानं उघडले. बिघडलेल्याच्या सेलवर पांढरी पूड धरली होती आणि कडेच्या फटीत तांबडी रेघ होती. दुसरा आतबाहेर स्वच्छ, सेल चकचकीत.

"कुंकू दिसता," बाबली वाकून म्हणाला. "देवळात लागला आसतला."

"लागलं असेल," संचिता म्हणाली. तिनं बाबलीला पाठवून घड्याळवाल्याकडून नवा सेल आणवला, तो तांबड्या रेघेच्या रिमोटमध्ये बसवला आणि तिघं खाली उतरली. दुसरा रिमोट माडीवरच ठेवला होता. गाडी चालू झाली.

"कुणी बिघडवलेला नाही हा. सेल मेला होता, एवढंच," ती म्हणाली. जितेंद्र बुचकळ्यात पडला. तिनं त्याला सोमवारी घरच्या सगळ्यांना देवळात आणायला सांगितलं. दीपेशलाही.

दीपेश सापडला तो आपल्या काजूच्या बागेत. संशय आपल्यावर आहे हे त्याला ठाऊक होतं आणि त्याची त्याला गंमतच वाटत होती.

"माका काय कळता त्या रिमोटातला? जा कळला ता जितूनच शिकवल्यान," तो म्हणाला. गाडी आणली त्या दिवशी जितेंद्रनं घरच्यादारच्या सगळ्यांना अंगणात उभं करून खेळ दाखवला होता. रिमोट गाडीजवळ असला की चालू. एकदा चालू झाली की रिमोट घरात ठेवून गोव्यापर्यंत जा, काही अडत नाही. पण वाटेत बंद केलीस तर मेलीच.

"मिरची कांडूक इलेल्या बायांकापण दाखवल्यान," दीपेश हसला. मग हसू आवरून म्हणाला, "बाय, जितूक मान मिळालो कसो, ता इचारलास? मान थोरल्याचो. जितूचो थोरलो भाव सत्यवानदादा गेलो, तेच्यामागे तेच्या झिलाचो, मंगेशाचो. त्याच वर्सा जितून तेका जत्रेदिशी कुडाळ स्टेशनार धाडल्यान, पावण्यांका हाडूक. पोरगो येयसर तीन हाका झाल्यो नी नारळ जितून ठेवल्यान."

तिथून संचिता आणि बाबली जितेंद्रच्या घरी गेली. त्याची आई हौसाबाई ओटीवरच बसून होती. गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरणं तिनं कधीच सोडलं होतं. लेकाच्या कपाळाला कुंकू तिनं ओटीवरच लावलं होतं. जितेंद्रची बायको रसिका त्या दिवशी बायकांबरोबर आधीच देवळात गेली होती, आणि गेली होती बाबलीच्याच रिक्षातून. मंगेश मुंबईत नोकरीला, यंदा जत्रेला आलाच नव्हता. दीपेश समई घेऊन केव्हाच निघून गेला होता.

थोरली सून सुभद्रा चहा ठेवून आत वळली. संचितानं तिला विचारलं, तुम्हाला काही दिसलं का? तिनं मागे न पाहताच सांगितलं, "माका कोण काय बघूक देता?"

परतताना बाबली म्हणाला, "माका सगळेच खरे वाटतत, मग खोटो कोण?" संचितानं त्याला उलट विचारलं, "काका, मेलेल्या रिमोटनं गाडी घरातून निघाली कशी?" बाबली कट्ट्यापर्यंत विचार करत राहिला.

सोमवारी देवळाच्या सभामंडपात सगळी जमली. बाबलीनं हौसाबाईला हाताला धरून उतरवून, रिक्षातून आणून खांबाशी बसवलं. जितेंद्रच्या हातात नारळ होता. उत्तररंगाला बसावं तसा बाबली मांडी घालून सरसावला.

"रिमोट बदलला गेला," संचितानं सुरुवात केली. "जितेंद्रभाऊंच्या कनवटीला होता तो देवघरातला. फटीत पूजेचं कुंकू, आणि पडून पडून खारलेला सेल. कुडाळला घातलेला नवा सेल नंतर देवघरातल्या रिमोटमध्ये सापडला. म्हणजे काम झाल्यावर चांगला रिमोट देवापुढे ठेवून दिला. परका माणूस घरात शिरून देवघरापर्यंत दोनदा जात नाही."

"म्हणजे दीपेशच. सकाळी आलाच होता," जितेंद्र म्हणाला.

"तो सकाळीच गेला. आणि गाडी त्यानंतर चालू झाली. मेलेल्या रिमोटनं ती चालू होत नाही. म्हणजे त्या घटकेला चांगला रिमोट गाडीच्या अगदी जवळ होता, कुणाच्या तरी मुठीत. एकदा चालू झाल्यावर त्याची गरज उरली नाही. कट्ट्यावर तुम्ही गाडी बंद करणार, हे घरात सगळ्यांना माहीत. आता सांगा, निघताना गाडीजवळ कोण होतं? रसिकावहिनी देवळात. तुमची आई ओटीवर. अशा वेळी जी कधी पुढे येत नाही, ती त्या दिवशी थेट गाडीला टेकून उभी राहिली. तुम्हीच मला पहिल्या भेटीत सांगितलंत. तुम्ही त्याला अपशकुन म्हणालात, म्हणून तुम्हाला ते दिसलं नाही."

सगळं बाबलीच्याही कानांवरून गेलं होतं.

सुभद्रा बायकांच्या मागून पुढे आली. तिचा आवाज चढला नाही.

"मीच. मेलेलो रिमोट तेका दिलंय, जिवंत माझ्या मुठीत धरलंय. माझ्या झिलाक स्टेशनार धाडलंस जितू. पावणे येवचेच नव्हते. पोर गाडयेमागून गाडी बघीत फलाटार बसलो. हयसर तेच्या बापाशीचो नारळ तू ठेवलंस. मी तसाच केलंय. उणा नाय, अधिक नाय."

"आता नाव मिळालं," संचिता जितेंद्रला म्हणाली. "घाला गाऱ्हाणं."

जितेंद्र ताडकन देवासमोर गेला. नारळ दोन्ही हातांत धरला. "बा देवा महाराजा, ज्यानी माझो मान..." एवढं म्हणाला आणि तिथंच अडला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा त्याच शब्दाशी आला. 'माझो' ओठांपर्यंत येई आणि मागे फिरे. चुकीचं गाऱ्हाणं कुणावर उलटतं, हे त्यानंच सांगितलं होतं.

सुभद्रानं त्याच्या हातातून नारळ काढून घेतला. बायकांत कुजबुज झाली. गुरव पुढे सरसावला, पण तिच्या तोंडाकडे पाहून थांबला. तिनं नारळ देवापुढे ठेवला.

"बा देवा महाराजा, ज्यानी थोरल्याच्या झिलाचो मान खाल्ल्यान, तेच्या नावान ह्या देवळात परत हाक पडू नये. दर जत्रेक तेना पायरेर उभ्यान मंगेशाचो नारळ बघूचो. आणि तुझी नजर तेच्यावरसून हलू नये."

गाऱ्हाण्याला लोकांचा होकार मिळाला नाही, तर ते देवापर्यंत पोचत नाही. जितेंद्र एकेकाच्या तोंडाकडे बघत होता.

बाबलीला सगळी कीर्तनं आठवली. माफ करावं, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं.

"होय महाराजा," त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"होय महाराजा," दीपेश म्हणाला.

शेवटी खांबाशी हालचाल झाली. लेकाकडे न बघता हौसाबाई म्हणाली, "होय महाराजा."