श्रुतिकाला सात, मला शून्य

“चप्पल!”

सिद्धेश माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द.

मी खरं तर झुंबाचा क्लास शोधत होते. मुलुंड पूर्वेच्या त्या शाळेत झुंबा दुसऱ्या मजल्यावर होता आणि मी पहिल्यावरच थांबले. दार उघडलं, चपलेसकट निळ्या मॅटवर एक पाऊल टाकलं आणि पांढऱ्या जाड कपड्यांतले बारा जण वळून माझ्याकडे बघायला लागले.

“सॉरी, झुंबा…”

“वर आहे,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “पण हे ज्युदो आहे. बसून बघायचं असेल तर बघ.”

मी बसले. पुढच्या सोमवारी नाव घातलं. दुसऱ्या मजल्यावर मी अजून गेलेले नाही.

सोमवार आणि गुरुवार, सकाळी साडेसहा ते आठ. नवशिक्यांची बॅच सिद्धेशकडे. त्याची शिकवायची तऱ्हा मला आधी कळेचना. समजावून सांगणं नाही, शाबासकी नाही. एकदा करून दाखवायचं आणि मग म्हणायचं, “परत.” कोणी चुकलं की ओरडायचा. “कोपर! मान आत! झोपलीस का?”

मला मात्र कधीच ओरडला नाही. मी कशीही पडले तरी हळूच म्हणायचा, “ठीक आहे. लागलं नाही ना?”

महिनाभर मी हवेत होते. एकदा माझी कॉलर धरून फेक दाखवताना त्याचा अंगठा गळ्याजवळ टेकला, तर त्याने चटका बसल्यासारखा हात काढला. तो अंगठा मी चार दिवस आठवत होते.

मग जयंतीताईंनी वाट लावली. ताई बँकेतून रिटायर झालेल्या, कमरेला ब्राऊन बेल्ट, बोलायला एकदम सडेतोड. चेंजिंग रूममध्ये त्या गीची घडी घालत होत्या. गी म्हणजे आमचा तो जाड सुती पोशाख, पावसाळ्यात दोन-दोन दिवस न वाळणारा.

“मला सर कधी ओरडत नाहीत,” मी जरा मिरवतच म्हटलं.

“मग विचार कर गं,” ताई म्हणाल्या. “इथे ज्याच्याकडून काही होईल असं वाटतं, त्यालाच ओरडतात. बाकीच्यांना ‘ठीक आहे’.”

त्या गुरुवारी मी मोजलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, मोजणं अंगात आहे. दीड तासात सिद्धेश श्रुतिकाला सात वेळा ओरडला. मला शून्य.

श्रुतिका माझ्यानंतर तीन आठवड्यांनी आली होती. उंच, घामाघूम झाली तरी फोटोत शोभेल अशी. नवीन फेक दाखवायची असली की सिद्धेश तिलाच पुढे बोलवायचा. ती त्याच्या कमरेवरून भिरभिरत जायची, मॅटवर हात आपटायची आणि हसत उठायची. तिला ‘झोपलीस का’ म्हणाला, तर ते शब्द मला हवे होते. इतका मत्सर मी दहावीतही कोणाचा केला नव्हता.

सोमवारी मी हात वर केला. “सर, आज मी येऊ? फेकीसाठी?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

“नको. श्रुतिका, ये.”

मी पुढच्या दोन्ही क्लासला गेले नाही.

मंगळवारी सकाळी लॅबमध्ये चौथ्या नंबरवर तो बसला होता. उपाशीपोटी, केस ओले, बाहेरच्या सरीत भिजून आलेला.

“कुठली टेस्ट?” मी शक्य तितक्या कोरडेपणाने विचारलं.

“कुठलीही.”

“असं नसतं, सर.”

“मग… हिमोग्लोबिन.” तो खुर्चीत बसला, बाही वर केली. “तू आली नाहीस. दोनदा.”

“माझ्याकडून काही होणार नाहीये ना. ठीक आहे.”

“कोण म्हणालं?”

“तुम्हीच. रोज म्हणता. ‘ठीक आहे, ठीक आहे’!” मी त्याच्या दंडावर पट्टा आवळला, गरजेपेक्षा थोडा जास्त. “श्रुतिकाला सात वेळा ओरडलात.”

“तू मोजलंस?”

“मूठ आवळा.”

त्याने मूठ आवळली. सुईकडे न बघता भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत म्हणाला, “तुला पाडायला गेलो की माझा हात सैल पडतो, गंधाली. आणि सैल हाताने फेकलं की समोरच्याला लागतं. म्हणून फेकतच नाही.”

“आणि श्रुतिका?”

“ती चांगली पडते.”

“सुंदर पडते.”

“हो, सुंदर पडते. ती पडली की तिचा हात कुठे आपटला ते मी बघतो. तू पडलीस की…”

“की?”

“काही दिसतच नाही मला. नुसता घाबरतो. तुझी काही चूक नाही, मी वाईट शिकवतोय.”

मी शीर चाचपली. सुई एका झटक्यात आत गेली. त्याने डोळे मिटले.

“दुखलं?”

“नाही.”

“माझा हात थरथरला?”

“नाही.”

“बघ. आणि मला तू आवडतोस.”

त्याने डोळे उघडले. ‘सर’ कुठे गळून पडलं ते आम्हा दोघांनाही कळलं. नळीत रक्त भरत होतं आणि मी फक्त नळीकडे बघत होते, कारण दुसरीकडे बघायची आता माझी टाप नव्हती.

“गुरुवारी येशील?” त्याने विचारलं.

“येईन. पण पाडायचंस. नीट. आणि चुकले की सगळ्यांदेखत ओरडायचंस.”

“रडशील.”

“रडेन. तरी ‘परत’ म्हणायचंस.”

तो हसला. मी सुई काढली, कापूस ठेवला. दाबून धरायचं त्याचं काम होतं, पण बोट माझंच राहिलं. जरा जास्त वेळ.

“रिपोर्ट कधी मिळेल?”

“संध्याकाळी. मोबाईलवर येतो.”

“मोबाईलवर नको. घ्यायला येऊ?”

बाहेरच्या बाकावरून कोणीतरी खाकरलं. मी नळीवर त्याचं नाव लिहिलं, पूर्ण, ठळक अक्षरात.

“सातला सुटते मी,” म्हटलं, आणि पाचव्या नंबरला हाक मारली.