जिन्याखालचा दिवा

शरयू मदन महल भागातल्या त्या बंगल्यात पोहोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. काम साधं होतं. उशाशी एक बटण बसवायचं. ते दाबलं की घरातले सगळे दिवे एकदम बंद. बापूआजोबा, म्हणजे तिच्या आईचे मामा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आणि घरात एकटे. रोज झोपण्याआधी काठी टेकत बावीस बटणं बंद करत हिंडायचे. मागच्या महिन्यात त्याच फेरीत जिन्यावरून पडले. तेव्हापासून त्यांची पुण्याची मुलगी अंजनी हटून बसली होती. घरातली जुनी वायर सगळी बंद करा, एका बटणाची सोय करा; नाहीतर महिनाअखेर मी बाबांना घेऊन जाणार.

"तिथे बाराव्या मजल्यावर बसवून ठेवणार मला," बापूआजोबा म्हणाले. "सहा महिनेसुद्धा नाही निघायचे माझे."

"कोणी नेत नाही तुम्हाला," शरयू म्हणाली. तिने मनातून ठरवूनच टाकलं होतं.

जर्मनीत शिकून, तिथली नोकरी नाकारून ती परत आली होती. रिछाईच्या कारखान्यांच्या वस्तीत पत्र्याची शेड भाड्याने घेऊन, एका बटणावर घरभरचे दिवे सांभाळणाऱ्या पेट्या बनवत होती. रिकाम्या खोलीत जळणारा दिवा तिला बघवत नसे. एका बटणाने एक घर बदलतं, अशा हजार घरांनी शहर बदलेल, असं ती भेटेल त्याला सांगायची. गणपत, तिचा पन्नाशीचा वायरमन, सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "शहर बदलेल तेव्हा बदलेल, दीदी. आधी तो पेचकस द्या, स्क्रू ढिला आहे."

साडेपाचपर्यंत बावीस दिवे पेटीला जोडून झाले. उरला एकच. जिन्याखाली, जुन्या लाकडी बोर्डाजवळ एक पिवळा बल्ब जळत होता. त्याला बटणच नव्हतं. कापड गुंडाळलेल्या जुन्या वायरीतून तो थेट जोडलेला होता आणि त्याच्या वरची भिंत धुराने काळी पडली होती.

"हा राहू द्या," बापूआजोबा म्हणाले.

"काहून, साहेब?" गणपत म्हणाला. "ही वायर तर हात लावला की झडून राहिली."

"राहू दे म्हटलं ना."

"आजोबा, मावशीची अटच ही आहे," शरयू म्हणाली. "हीच लाइन राहिली तर कशाला एवढं केलं आपण?"

ते तिच्याकडे बघत राहिले. मग काठी टेकत व्हरांड्यात गेले आणि खुर्चीत बसले.

शरयूने बटण दाबलं. खट, खट, खट करत एकेक खोली मिटली. वरची, देवघर, स्वयंपाकघर, बैठक. तिला आनंद झाला, नेहमी व्हायचा तसा. बाहेर डिसेंबरची संध्याकाळ उतरली होती, थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. गणपतने खिशातल्या रुमालाने धरून जिन्याखालचा बल्ब फिरवला, काढला, आणि ते घर पूर्ण काळोखात गेलं.

तसा काळोख तिने कधी पाहिला नव्हता. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता, तेवढाच आवाज. जळक्या रबराचा, अगदी पुसट वास आला. जुनी वायर असेल, तिने स्वतःला सांगितलं.

"आता मेन पाडा, दीदी. बटणानं दिवे विझले, बोर्डात करंट आहेच."

मेन स्विच व्हरांड्यात होता. ती भिंत चाचपत बाहेर आली. लोखंडी दांडा गंजून घट्ट बसला होता. तिने दोन्ही हातांनी ओढला, हलला नाही. शेजारी बापूआजोबा खुर्चीत ताठ बसले होते.

आतून गणपतने विचारलं, "बंद झालं का?"

थांबा, म्हणायला तिने तोंड उघडलं. पण उत्तर आतूनच आलं. पुरुषाचा आवाज, भरदार, जरा घाईतला, टेलिफोनवर बोलल्यासारखा.

"बंद आहे, गणपत. हात लाव."

ती वळली. बापूआजोबांचे ओठ घट्ट मिटलेले होते. पुढच्या क्षणाला ते ओरडत उठले, "लावू नको रे हात..." आणि काठी फरशीवर पडली.

आत निळा उजेड चमकला. धप्पकन आवाज आला.

मोबाइलच्या उजेडात तिला गणपत भिंतीला टेकून बसलेला दिसला. दोन बोटं काळी पडली होती. श्वास चालू होता. तो बापूआजोबांकडे बघत होता.

"साहेब, तुम्हीच बोलले ना... बंद आहे म्हणून."

"मी बाहेर होतो, गणपत."

"आवाज तुमचाच होता. पण..." तो थांबला. "जवान होता."

बापूआजोबांनी बल्ब परत बसवला. पिवळा उजेड पडल्यावर ते जिन्याच्या पायरीवर टेकले आणि खाली बघत बोलू लागले.

"एक्क्याऐंशी साल. मी सबस्टेशनवर इंजिनियर. भेडाघाटच्या रस्त्याला तार तुटलेली. तुळशीराम नावाचा लाइनमन. त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन केला, साहेब, लाइन बंद झाली का? दहा पावलं चालून स्विच बघायचा होता मला. रजिस्टरात खूण दिसली, तेवढ्यावर म्हटलं, बंद आहे, तुळशीराम. हात लाव."



"मग हे... तुळशीराम आहेत?" शरयूने विचारलं.

"तो बिचारा कधीच आला नाही गं. मी वाट पाहिली त्याची. आला तो माझा शब्द. घरात पुरता अंधार झाला आणि कुणी विचारलं, की तो उत्तर देतो. माझ्या बायकोला एकदा दिलं होतं, विहिरीच्या पंपाजवळ, थोडक्यात वाचली. तेव्हापासून हा बल्ब. जळताना दिसतो म्हणजे करंट आहे, कुणाच्या शब्दावर राहावं लागत नाही."

तेवढ्यात शरयूचा फोन वाजला. अंजनीमावशी.

"झालं का काम? ती जिन्याखालची लाइन बंद केलीत ना? नसेल तर खरं सांग, मी रविवारचं तिकीट काढते."

शरयूने बल्बकडे पाहिलं. मग पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे. चालत पुण्याच्या गाडीपर्यंतही न पोहोचणारा तो माणूस.

"हो मावशी," ती म्हणाली. "बंद आहे."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आजोबा सुटकेचा श्वास टाकतील. त्यांचा चेहरा उतरला होता.

"असं बोलायला नको होतंस, पोरी."

"तुमच्यासाठीच बोलले."

"मी तरी कुठे कुणाच्या वाईटासाठी बोललो होतो?"

दवाखान्यातून पट्टी बांधून निघताना गणपत म्हणाला, "आता ठरवलं, दीदी. दुसऱ्या कोणाच्याबी सांगण्यावर वायरीला हात नाही लावायचा. फक्त तुमच्या. तुमचा आवाज मी हजारात ओळखतो."

पंधरा दिवस गेले. बापूआजोबा घरीच राहिले. झोपताना उशाचं बटण दाबायचे. बावीस दिवे विझायचे, तेविसावा जळत राहायचा. अंजनीमावशीने शरयूला मिठाई पाठवली. तिने ती उघडली नाही.

रिछाईच्या शेडमध्ये एका भर दुपारी नव्या बोर्डाची चाचणी चालली होती. दिवे विझलेले नीट दिसावेत म्हणून शटर खाली ओढलं होतं. शरयूने बटण दाबलं आणि शेड काळोखात बुडाली. गणपत बोर्डाच्या मागे बसला होता. ती मेन स्विचपाशी उभी होती, एक हात दांड्यावर, दांडा अजून वरच, करंट चालू. दुसऱ्या हातातला चहाचा ग्लास ओठांना लागलेला.

"बंद का, दीदी?"

तोंडात गरम चहाचा घोट होता. तो तिने अजून गिळलाही नव्हता.

"बंद आहे, गणपतभाऊ," काळोखातून शरयूचा आवाज आला, ठाम, जरा घाईतला. "हात लावा."

"अच्छा," गणपत म्हणाला.